सोलांजच्या चित्रातले दोन सूर्य

फ्रान्समधल्या सीन नदीकाठच्या आमच्या गावात सोलांजने तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. निवृत्त झाली आणि एब्रार सरांच्या शनिवारच्या चित्रवर्गात जाऊ लागली. त्यालाही आता अकरा वर्षं झाली. सरांचे धडे इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचे: काळा रंग पेटीत ठेवायचाच नाही, रंग फार घोटायचे नाहीत, आणि सावली सरकली की तो कॅनव्हास बाजूला ठेवून नवा चढवायचा.

दर उन्हाळ्यात वर्गातलं एक चित्र नगरपालिकेच्या जिन्यात लागे. सोलांजचं एकदाही लागलं नव्हतं. यंदा तिची खात्री होती. पण वसंतात पाववाली एर्मीन वर्गात आली, आणि चार शनिवारांत तिच्या चित्रातलं पाणी हलू लागलं. सोलांजला घास गोड लागेना.

निवडीच्या दिवशी नदीकाठची पाच पॉप्लरची झाडं रंगवायची होती. सोलांजने एर्मीनच्या मागे तिरकी जागा धरली.

"तिथून झाडं दिसतात का गं?" एर्मीनने विचारलं.

"मला हवं ते दिसतं. तू तुझं बघ."

एर्मीनने गवतावरच्या सावलीत जांभळा लावला, की हिचाही ब्रश जांभळ्यात. दुपारी एर्मीनने घरची सफरचंदाची टार्ट वाटली. सोलांजने पोट भरल्याचं सांगितलं आणि ब्रश धुवायला उठली. तेवढ्यात एर्मीनने सकाळचा कॅनव्हास उतरवून दुसरा चढवला. सोलांज परत आली ती थेट एर्मीनच्या चित्राकडे बघत. झाडांकडे तिने मान वर केलीच नाही. स्वतःचा सकाळचाच कॅनव्हास ती पुढे रंगवत राहिली.

चारला सर आले. सोलांजच्या चित्रासमोर थांबले.

"सोलांजबाई, दोन झाडांच्या सावल्या उजवीकडे, उरलेल्या तिन्हींच्या डावीकडे. आज दोन सूर्य उगवले होते का?"

"मधे ढग आले होते."

"ढग कुठे होते गं?" एर्मीन बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

एर्मीनचं चित्र लागलं. सोमवारी सोलांज नगरपालिकेत गेली. चष्मा घालून पाहिलं, काढून पाहिलं. चूक सापडेना.

"चौकट तिरकी लावलीय," ती शिपायाला म्हणाली.

"सरळ आहे की, बाई. मी पट्टी लावून बघितलंय."

तो वळला तशी तिने अंगठ्याने एक कोपरा हळूच वर ढकलला, दोन पायऱ्या खाली उतरून पाहिलं, आणि मग तिला जरा बरं वाटलं.