कपाखालचं नाव

चांगली वस्तू दाखवून आमच्या ड्रॉइंगबाईला खूश करणं कुणाला जमलं नाही. शाळेत चित्रकला शिकवून ती निवृत्त झाली आणि घनसावंगीकडच्या आमच्या गावात, शाळेच्या जुन्या खोलीत तिनं गावाचं संग्रहालय मांडलं. बायका हंडे, समया घासूनपुसून घेऊन गेल्या. ती म्हणाली, "चकाकतं ते घरीच ठेवा. लपवता ते आणा." मी तिची शेजारीण, सासूची पैठणी नेली होती. "छान आहे वहिनी. आता सासूबाई बाळंतिणीला ज्यावर बसवायच्या ते पोतं आणा." मी पुष्कळ दिवस अबोला धरला. पोतं मात्र दिलं.

सरपंच म्हणाले, दाराशी पुढाऱ्यांचे फोटो लावू. "लावा की. कोणी काय केलं ते खाली मी लिहिते." फोटो काही आले न्हाईत.

जीभ अशी, पण माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर भाकरी तिनंच थापली. थापता थापता माझ्या कण्हण्याची नक्कलही करायची.

मग तिनं स्वतःच्याच घरातला कप काचेत ठेवला. कान तुटलेला. खाली लिहिलं, 'शिवाशिवीचा कप. दाराबाहेरच्या कोनाड्यात असे. बौद्धवाड्यातल्या सालगड्यांना यात चहा मिळे. तो त्यांनीच विसळून ठेवायचा.' आणि त्याखाली घरमालकाचं पूर्ण नाव. म्हणजे तिच्या वडिलांचं, आबांचं. आबा तेव्हा जिवंत होते, रोज त्या खोलीवरूनच पारावर जायचे.

आबा मला साक्षीला बसवून तिला म्हणाले, "गावाला विहीर दिली, या शाळेला जागा दिली. तुला कपच सापडला का?"

"विहिरीवर तुमचं नाव आहे आबा. ते मी खोडलं का?"

"गावात काय मी एकटाच होतो?"

"न्हाई. पण दुसऱ्याचं नाव लिहायचा हक्क मला आधी घरातून मिळवावा लागंल."

त्या दिवसापासून आबांनी तिच्या हातचा चहा सोडला. पारावर जाणंही सोडलं. अंथरुणाला खिळल्यावर त्यांचं सगळं तिनंच केलं, पण चहा सुनेच्या हातचा. शेवटी शेवटी ते एवढंच म्हणायचे, "नाव काढ." मी तिला बाहेर ओढून म्हणाले, "अगं, काढलं म्हण. त्यांना कुठं दिसणार आहे?"

"मंग त्या खोलीतलं सगळंच खोटं होईल, वहिनी." आत जाऊन तिनं त्यांना सांगितलं, "नाव आहे, आबा." त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. ते तसेच गेले.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवले. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, एक खाली येईना. कुणी म्हणालं, नातवाला शिकवू, कुणी म्हणालं, शेत विकणार न्हाई. ऊन चढलं. मग सगळे तिच्याकडं बघायला लागले. भाऊ म्हणाला, "तायडे, पाया पडतो. नाव काढते म्हण. लगेच शिवंल."

ती बराच वेळ त्या बाभळीकडं बघत उभी होती. मला वाटलं, आता म्हणते.

"गुरुजी," ती म्हणाली, "दर्भाचा कावळा करा."

गवताचा कावळा पिंडाला शिवला. भावानं तिथंच सांगितलं, घरी येऊ नको. ती घाटावरूनच जालन्याच्या जीपमध्ये बसली, ओल्या लुगड्यानं. मी हात धरला, तर म्हणाली, "काच आठवड्यातून एकदा पुसत जा, वहिनी. धूळ बसली की नाव वाचता येत न्हाई."