सायवनचा फर्लांग

तलासरीच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागले आणि पहिल्याच महिन्यात शिक्षकांच्या बैठकीत माझं हसं झालं. "चाचणीला आता एक फॉर्टनाइट उरलाय," असं मी सहज बोलून गेले. समोरच्या तरुण सरांनी विचारलं, "एक काय?"

"फॉर्टनाइट. म्हणजे चौदा दिवस."

"मॅडम, तुमचं इंग्रजी राणीच्या काळातलं दिसतंय," ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, पण कान चांगलेच तापले होते.

हे इंग्रजी मला बाईंकडून मिळालं. डहाणूला कॉलेजात असताना दर रविवारी मी चिखल्याला त्यांच्याकडे शिकायला जायचे. बाई निवृत्त शिक्षिका, आता पंचाहत्तरीच्या पुढे गेलेल्या. चिकूच्या वाडीत एकट्याच राहतात. घरात गुजराती, बाजारात मराठी आणि चिडल्या की इंग्रजी. त्यांच्याकडे चष्म्याला स्पेक्टॅकल्स आणि रेडिओला वायरलेस म्हणायचं. मला वाटायचं, सगळं जग असंच बोलत असेल.

बैठकीनंतरच्या रविवारी मी तक्रार घेऊनच गेले. बाईंनी ती ऐकून घेतली आणि आपला जाडजूड शब्दकोश मांडीवर ओढला.

"हसू दे त्यांना. फॉर्टनाइट म्हणजे चौदा रात्री. जुने इंग्रज दिवस मोजत नसत, रात्री मोजत. आपला पंधरवडा, तसंच ते."

मग त्यांना चेव आला. चार पानं उलटून त्यांनी फर्लांग काढला. "हा बघ. फरो म्हणजे नांगराचं तास, नांगरानं जमिनीत पडते ती चर, आणि लाँग म्हणजे लांब. बैल न थांबता एका दमात जेवढं तास ओढतील, तेवढा फर्लांग. दोनशे मीटर धर." बोलता बोलता त्या थांबल्या. "अगं, तुझे बाबा अजून नांगर धरतात ना?"

"धरतात की."

"मी जन्मभर समुद्राकाठी राहिले. चिकू आणि नारळ सोडून मला काही ठाऊक नाही. मला तास बघायचंय."

मला ती गंमत वाटली. पण तीन दिवसांनी त्यांचा फोन आला, की रिक्षा ठरवली आहे. पुढच्या रविवारी आम्ही दोघी सायवनला माझ्या माहेरी निघालो. रस्ता चढाला लागला तशा बाई रिक्षातून बाहेर वाकून बघत होत्या आणि मी त्यांचा पदर धरून बसले होते.

बाबा नागलीसाठी, म्हणजे नाचणीसाठी, माळावरचा तुकडा नांगरत होते. कॅनव्हासचे बूट घातलेल्या, छत्री धरलेल्या बाईंना बांधावरून उतरताना पाहून त्यांनी बैल थांबवले आणि रामराम केला.

"थांबू नका," बाई म्हणाल्या. "तुम्ही चालवा, मी मोजते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नांगर चालू लागला आणि त्यामागून ओल्या ढेकळांवर पाय सांभाळत बाई. त्या मोठ्यानं पावलं मोजत होत्या. बेचाळीस झाली आणि बैल आपण होऊन वळले.

"संपलं?" बाईंनी विचारलं.

"संपलं. पुढं धाकट्या भावाचा बांध."

"पण इंग्रजांचं तास दोनशे मीटरचं होतं!"

बाबांनी कपाळ पुसलं आणि खरोखरच विचार केला. "त्यांची जमीन सपाट असेल, बाई," ते म्हणाले. "आणि भाऊ कमी असतील."

बाई इतक्या हसल्या, की छत्री मिटून त्यांना तिच्यावर टेकावं लागलं.

जेवायला घरात आलो तेव्हा आई नागलीच्या भाकरी करत होती. बाई तिच्याजवळ पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "लेडी शब्द माहीत आहे ना तुम्हाला? मुळात त्याचा अर्थ पावाचं पीठ मळणारी बाई. त्यांचा पाव, आपली भाकरी."

"म्हणजे मी लेडी?" आईनं विचारलं.

"अगदी अस्सल."

"मग तुम्ही?"

बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, "मला भाकरी येत नाही."

आईनं परात त्यांच्याकडे सरकवली. पहिल्या तीन भाकरी हातातच मोडल्या. चौथी कडेला फाटलेली, मध्ये जाड, पण तव्यावर पोचली. आई ती उलटत म्हणाली, "आता झालात." बाईंनी ती भाकरी कुणाला दिली नाही. सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर एकट्यांनी संपवली.

हे सगळं मी शाळेत सांगितलं. तेव्हापासून ते तरुण सर डबा उघडताना अधूनमधून विचारतात, "मॅडम, आज कुठला म्हातारा शब्द?" त्यांचं ऐकून मुलंही विचारतात. लेडीचा अर्थ सांगितला त्या दिवशी सातवीतल्या एका मुलीनं घरी जाऊन आईला बातमी दिली. दुसऱ्या दिवशी ती आई मला गेटवर भेटली आणि विचारून गेली, की हे खरं आहे का.

बाबांना तर नादच लागला आहे. गेल्या खेपेला त्यांनी बसचं विचारलं. मी सांगितलं, "मूळ शब्द ऑम्निबस. म्हणजे सगळ्यांसाठी."

"सगळ्यांसाठी?" बाबा म्हणाले. "मग आपल्या पाड्यापर्यंत का येत नाही?"

यावर बाईंना काय सुचतं ते विचारायला मी तिथूनच फोन लावला.