टिकल्यांचं पिस्तूल

संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा फोर्टात गेला होता, गोळीबाराच्या धास्तीने लालबाग चिडीचूप होतं, आणि मी खेळण्यांच्या दुकानात मुलासाठी घेतलेलं पिस्तूल टिकली लावून उडवून पाहिलं. रस्त्यावरची माणसं चाळींच्या जिन्यांत पळाली.

दुकानदार काका एरवी पत्र्याचा रणगाडा चावी देऊन सोडताना स्वतःच ‘धडाडधूम’ म्हणायचे आणि गिऱ्हाइकाआधी हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. त्यांची मुलगी मोर्च्यात होती. टिकल्यांचे सगळे डबे त्यांनी पाण्याच्या बादलीत उलटे केले.

“पिस्तूल न्या मास्तर. आवाज पोराला तोंडाने करू दे,” म्हणाले आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

घरी येऊन मी हे रंगवून सांगितलं.

बायको म्हणाली, “आणि ती पोरगी परत यायच्या आत तुम्ही निघून आलात?”