तीन बोटांचं भजन

हसणार नसाल तर सांगते. म्हणजे हसालच, पण निदान चहा सांडू नका!

लग्न होऊन मी खालापूरहून कर्जतला आले, तेव्हा माझ्याबरोबर माहेरची पेटी आली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ओसरीवर बसवून तिच्यावर मला सूर शिकवले होते. सासरी मात्र पेटी गवसणीतच. नव्या सुनेला ‘वाजव’ म्हणणार कोण?

शेजारी, घाट चढताना गाडीला मागून इंजिन लावतात ना, त्याच्या ड्रायव्हरची बायको, फिलोमिना. गोव्याची. दुपारी पायरीवर बसून गिटार वाजवायची. एकदम तीन सूर! जणू तिघी बहिणी एका पाटावर.

“हे कसं गं जमतं?”

“अगो, सोपं! तुमचे सात सूर ना? एक घे, एक सोड. एक घे, एक सोड. आणखी एक घे. झाली कॉर्ड!”

घरी येऊन हळूच गवसणी काढली. पांढरी पट्टी दाबली, पुढची सोडली, त्यापुढची दाबली… सा-ग-प! काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं. अण्णांना कधी ऐकवते असं झालं.

नेमका त्याच गुरुवारी भजनाचा पेटीवाला हिवतापानं पडला. आमचे मामंजी वकील. कोर्टात बोलायचे आणि गुरुवारी गायचे.

“सूनबाई, तुम्हाला येते म्हणे? आज वाजवा. जमलं तर दर गुरुवारी तुम्हीच.”

दर गुरुवारी! माझी पेटी दर गुरुवारी गवसणीबाहेर!

मामंजी गाणार काळी एकमध्ये, म्हणजे त्यांचा सा पहिल्या काळ्या पट्टीवर. मी म्हटलं, त्यात काय? पांढरीला पांढऱ्या, तर काळीला काळ्या! एक काळी घेतली, एक सोडली, असं करत तीन काळ्या दाबल्या. आणि गोड वाजल्या हो! मामंजींनी मान डोलावली. तिथंच घात झाला.

सोडायचे होते सूर, मी सोडल्या पट्ट्या! काळ्यांच्या मधल्या पांढऱ्यांतही सूर असतात, हे माझ्या गावीच नव्हतं. त्या तिघींचं आपसांत जमलं खरं, पण त्यांचा सा काळी एक नव्हताच. तो पार वर, काळी तीनवर. मामंजींनी तोच धरला.

अंतऱ्याला त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. मला वाटलं, भक्ती! मी आणखी जोरात भाता मारला.

कडावचा धोंडू झांजा थांबवून ओरडला, “वकीलसायेब, आज भजनाला घाट लागला हाय! मागनं इंजिन लावा रं कुनी!”

आणि मामंजींचा आवाज, बोगद्यात शिरताना गाडी शिट्टी देते ना, तसा वाजला आणि गेला. गेला तो गेलाच! दुसऱ्या दिवशी कोर्टात तारीख मागायलाही आवाज नाही.

सासूबाई स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, “इतक्या वर्षांत पहिल्यांदा यांनी माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. पुढच्या गुरुवारीही असंच वाजव हो!”

फिलोमिना तर हसता हसता पायरीवरून पडायचीच बाकी. “सूर मोज गो, पट्ट्या नको!” पुढं तिच्या नवऱ्याची इगतपुरीला बदली झाली. आता दुपारी ती पायरी नुसती ऊन खात बसते. ताक घुसळताना माझे हात मात्र अजून थबकतात. वाटतं, आत्ता वाजेल.

आणि पेटीचं काय झालं म्हणता?

आठवड्यानं घसा जरा सुटल्यावर मामंजींनी मला बोलावलं. मी पदर सावरत उभी. घोगऱ्या आवाजात म्हणाले, “दर गुरुवारी पेटी तुम्हीच वाजवायची.”

मी आनंदानं वाकून नमस्कार केला.

“फक्त, सूनबाई,” वरून आवाज आला, “एका बोटानं!”