ललिताच्या घराचा खांब

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. शाळेत कुणाला सांगायचा तर प्रश्नच नाही. आज तुम्हाला सांगून राहिलो — काऊन, ते विचारू नका.

सालेकशाकडच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. रोज गोंदियाहून कारनं जातो — एकटा. तीन वर्षांपूर्वी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मीच विषय काढला: वाढती लोकसंख्या, तेल आणि तापणारी हवा. पोरांच्या अन् आम्हा शिक्षकांच्या घरोघरचं महिन्याचं पेट्रोल-डिझेल मोजायचं अन् तक्त्यावर प्रत्येक घराचा खांब काढायचा. जितकं तेल, तितका उंच खांब. जास्त माणसांच्या घराचा खांब उंच येणार — मला आधीच माहीत होतं ना! माहीत होतं म्हणे.

मोजणी केली नववीतल्या ललितानं. पोरगी भलती काटेकोर. धानाच्या चिखलणीला किती डिझेल गेलं, हे ट्रॅक्टरवाल्याला जाऊन विचारून आली. तिच्या घरी नऊ माणसं, चुलीवरचा स्वयंपाक, एक सायकल. तिचा खांब सगळ्यांत बुटका निघाला. अन् सगळ्यांत उंच? तीन माणसांच्या एका घराचा. ते घर माझं.

मग मी काय केलं? पोरं घरी गेल्यावर तक्ताच नवा काढला. माझा खांब कापला, तिचा वाढवला.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "सर, आमच्या घरी त गाडीच नाही जी. खांब कायले वाढला?"

मी भर वर्गात ओरडलो — मोजणी चुकली तुझी! घरात पोरांची जत्रा, अन् मला शिकवते? वर्ग हसला. तिनं मान खाली घातली. लाज वाटली मला? छे! उलट तोच खोटा तक्ता तिच्याकडून पाठ करून घेतला. चांगली बोलायची ना ती.

प्रदर्शनाला तिची आई आली, कडेवर धाकटं लेकरू घेऊन. ललिता छडीनं आपल्याच घराचा खांब दाखवून परीक्षकांना सांगत होती — असल्या घरांमुळं धरती तापते. कुठंही अडखळली नाही. आमचा पहिला नंबर आला. आईनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. पुस्तकी मराठीतलं ते बोलणं तिला कळलं नव्हतं, म्हणून तिनं लेकीला विचारलं. ललितानं गोंडीत समजावून सांगितलं.

आई सरळ माझ्याकडं आली. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "गुरुजी, यानं काही बिघडवलं काय जी?"

ललिता शेजारीच उभी होती, माझ्या तोंडाकडं पाहत.

मी हो म्हणालो.