सृष्टीची रायफल आणि दसऱ्याचं कुंकू

काही बिघडलं की माझी सृष्टी आधी स्वतःत चूक शोधते. दूध नासलं तरी म्हणेल, "मीच पातेलं नीट धुतलं नसेल." ओळखीतल्या बायका म्हणतात, नशीबवान आहेस, आमची पोरं सगळं खापर दुसऱ्यावर फोडतात. पण मला तिच्या याच गुणाची काळजी वाटते, आणि आज ती काही केल्या डोक्यातून जात नाही. उद्या सकाळी पुण्यात तिची राज्य स्पर्धा आहे, दहा मीटर एअर रायफल. ज्युनिअर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. उद्या पात्रतेचे गुण मिळाले तर राष्ट्रीय स्पर्धा, नाहीतर ज्युनिअर म्हणून खेळणं इथेच संपलं.

आमच्या घराचा आणि बंदुकीचा कधी संबंध नव्हता. तिचे बाबा, धम्मपाल, पाटबंधारे खात्यात लिपिक. मी बी.ए. करून घरी शिकवण्या घेते. सृष्टी कॉलेजात एनसीसीत गेली आणि तिथे तिच्या हाती पहिल्यांदा रायफल आली. पुढे क्लबच्या रायफलवर शिकली. यंदा उन्हाळ्यात मुंबईच्या एका नेमबाजाची वापरलेली रायफल मिळाली. मला वाटलं, आता पेटी उघडायची आणि छर्रे मारायचे.

तसं काही नसतं. पूर्ण मे महिना ती रायफल आमच्या हॉलमध्ये छर्ऱ्याशिवायच उचलली गेली. टीव्हीच्या वरच्या भिंतीवर सृष्टीने काळा ठिपका चिकटवला होता. खांद्याला टेकणारा मागचा भाग थोडा खाली घ्यायचा, उचलून बघायचं, पुन्हा वर. गाल टेकवायची पट्टी केसभर वर, मग अर्धा केस खाली. मी बाजूला उभी राहून मोबाइलवर तिचं शूटिंग करायचे. मला एकच काम होतं. तिची मान वाकली तर सांगायचं.

"वाकली," मी म्हणायचे.

"म्हणजे पट्टी खाली आहे. डोकं रायफलकडे न्यायचं नाही आई, रायफल डोक्याकडे आली पाहिजे."

"अगं, आम्ही कांदे चिरतानासुद्धा मान वाकवतो."

"म्हणून तुझी मान दुखते."

तिचे बाबा टीव्हीचा आवाज बंद करून मॅच बघायचे. एकदा म्हणाले, "सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढली, पण आपल्यावर बंदूक रोखून कुणी मॅच बघायला लावली नव्हती." सृष्टीने शांतपणे उत्तर दिलं, "तुमच्यावर नाही बाबा, ठिपक्यावर. आणि तुम्ही त्या खुर्चीत बसायचंच नाही, बाजूला सरका." बाबा रिमोट घेऊन बाजूला सरकले.

मला सगळ्यात नवल वाटायचं ते डोळे मिटण्याचं. रायफल उचलून ती डोळे मिटायची, दोन श्वास घ्यायची आणि मग उघडायची. रायफल आपोआप ठिपक्याकडे बघत असली तर ठीक. डावीकडे बघत असली तर हाताने ओढून आणायची नाही, मागचा पाय किंचित सरकवायचा. हाताने आणलेली रायफल शेवटच्या क्षणी परत पळते, असं तिचं म्हणणं. तासतासभर ही मुलगी पाय सरकवत होती. माझ्याकडे गणिताला येणारी मुलं दहा मिनिटांत पेन फेकतात, आणि ही माझ्याच पोटची, याचं मला कौतुक वाटायचं.

मग क्लबमध्ये छर्रे घालून नेम धरायची साईट जुळवणं. त्या दिवशी मी सोबत होते. पहिले छर्रे कागदावर वर उजवीकडे पडले. मी हळहळले. सृष्टी मात्र खूश. "एकाच जागी पडलेत ना? मग माझं काम झालं. आता फक्त साईटचं." डोळ्यापाशी जी मागची साईट असते, तिला बारीक छिद्र असतं आणि बाजूला फिरवायची दोन बटणं. बटण फिरवलं की टक असा आवाज येतो, एका टकने नेम कणभर सरकतो. टक, टक करत तिने सगळे छर्रे मध्यात आणले. आणि एकदा जुळलं की त्या साईटवर तिचा पूर्ण विश्वास. त्यानंतर छर्रा भरकटला तर चूक तिची, तिच्या पायाची, श्वासाची.

गेल्या वर्षी तेच नडलं. जिल्ह्याच्या सामन्यात छर्रे डावीकडे जात राहिले आणि ही पाय सरकवत राहिली. शेवटी पोटऱ्या थरथरायला लागल्या. नंतर धनराज सरांनी, तिच्या प्रशिक्षकांनी, क्लबची ती रायफल तपासली तर साईटचा स्क्रूच ढिला. मी चिडले, क्लबने बघायला नको? सृष्टी म्हणाली, "माझ्या हातात होती ना? मीच बघायला हवं होतं." दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला हजर.

काल दसरा, आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. आम्ही तिघं पांढरे कपडे घालून त्रिरश्मी लेण्यांवर गेलो होतो, दरवर्षी जातो. सृष्टीची रायफल क्लबच्या कपाटात होती. आज पहाटे सरांनी ती पेटी न उघडताच थेट गाडीत ठेवली आणि दोघं पुण्याला गेले. वाटेत गाडी अडकून पडल्याने पोचायला उशीर झाला, रायफलची तपासणी आता उद्या सकाळीच. म्हणजे तिने पेटी अजून उघडलेली नाही.

मघाशी लताबाईंचा फोन आला. त्यांची मोहिनी क्लबमध्ये सृष्टीच्या हाताखाली शिकते. सुरगाण्याहून मुलीसाठी नाशिकला आल्या, एका वसतिगृहात स्वयंपाक करतात. स्वभावाने फार गोड.

"ताई, फोटो पाहिला का? काल क्लबात शस्त्रपूजा केली. सृष्टी नव्हती, म्हणून तिची बंदूक काय उपाशी ठेवायची? मीच सरांकडून मागून घेतली. हळद-कुंकू, झेंडूची माळ, लय झकास दिसत होती!"

"कुंकू कुठे लावलंत, लताबाई?"

"डोळ्यावर! ते मागचं भोक असतं ना. सगळं तोच बघतो, मग त्याचाच मान पहिला. पण घाण नाय ठेवली हो. ओलं फडकं घेऊन सगळं पुसून काढलं, ती बाजूची चाकं तर घासून-घासून."

मी म्हटलं, छान केलंत. दुसरं काय म्हणणार? इतक्या मायेने केलेलं.

पण चाकं म्हणजे साईटची ती दोन बटणं, आणि घासली म्हणजे फिरली, नेम सरकला. छिद्रात कुंकवाचा चिखल गेला असेल तो वेगळाच. बाहेरून पुसलंय, सृष्टीला दिसणार नाही. सामन्याआधी नेम जुळवायला थोडाच वेळ मिळतो. पहिले छर्रे बाजूला जातील आणि माझी मुलगी डोळे मिटून मागचा पाय सरकवत बसेल.

"सरांना सांग," हे म्हणाले. सरांचा फोन बंद येतोय. पहाटेपासून गाडी चालवलीय, झोपले असतील.

राहिली सृष्टी. सामन्याच्या आदल्या रात्री घरून फोन नको, हा तिचा नियम. "तुझा आवाज ऐकला की मला माझ्याऐवजी तुझीच काळजी लागते," म्हणते. खोटं नाही ते. आत्ता उठवलं तर झोप मोडेल, कदाचित पुन्हा लागणारच नाही. सकाळी लावावा तर नाश्त्याच्या आधीच ती फोन बंद करून बॅगेत टाकून देते.

हे म्हणतात, ती हुशार आहे, शोधून काढेल. काढेलही, पण आधी स्वतःला पूर्ण तपासून झाल्यावर, आणि तोवर वेळ संपलेली असेल.

जेवलीस का, झोपलीस का, यातलं काही विचारणार नाही. कुंकवाचं सांगेन, साईट आधी बघ म्हणेन, आणि लताबाईंना काही बोलू नकोस म्हणेन. रागावली तर रागावू दे. लावतेच तिला फोन.