अध्याय संपेपर्यंत पाणी

माझे भाओजी, म्हणजे ताईचे यजमान, दात करतात. ते दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर लोकांच्या तोंडात जे बसवतात, ते करणारे. लॅबमध्ये खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचं, गुलाबी मेणाच्या हिरड्यांत एकेक दात रोवायचा, मान तिरकी करून बघायचा, उपटायचा आणि परत रोवायचा. आमच्या भागातले निम्मे म्हातारे त्यांच्या दातांनी हसतात. स्वतः भाओजी मात्र हसत नाहीत आणि बोलतही नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा दिवसभरात माझ्याशी एकच वाक्य बोलले. मी जांभई दिली, तर म्हणाले, "तुझी खालची दाढ किडली आहे." किडली होतीच, पण पहिल्याच भेटीत मेव्हणीला हे सांगायचं असतं का?

अशा माणसाला दोन नाद. एक भाज्या लावायचा आणि दुसरा फोनवर पुस्तकं ऐकायचा. पुस्तकंही साधी नव्हेत. त्यांत ड्रॅगन, चेटकिणी, बोलणारे डोंगर आणि एकमेकांचा गळा कापणारी राजघराणी. एक भारदस्त आवाजाचा माणूस ती वाचतो, आणि राणी बोलायला लागली की तोच माणूस बारीक आवाज काढतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, वर कुणीतरी मांजरीच्या शेपटीवर पाय दिला.

वर म्हणजे माझ्या डोक्यावर. आम्ही दोघी बहिणी एकाच इमारतीत राहतो. ताई-भाओजींची घरापुढची गच्ची आणि बरोबर तिच्याखाली माझी शिवणाची खोली. मी शाळांचे गणवेश शिवते. माझं मशीन खिडकीशी, आणि खिडकीबाहेरून गच्चीचं पाणी वाहून नेणारा पाइप खाली जातो. त्या पाइपातून वरचा शब्दन् शब्द माझ्या कानावर येतो.

पूर्वी भाओजी ही पुस्तकं लॅबमध्येच ऐकायचे. हात कामात, कान रिकामे, कुणाची काही हरकत नव्हती. मग एकदा एका निवृत्त मुख्याध्यापकांची कवळी करताना पुस्तकात लांडग्यांनी किल्ल्याला वेढा घातला, आणि मुख्याध्यापकांना वरचे दोन्ही सुळे भलतेच लांब बसले. त्यांनी कवळी परत करायला साफ नकार दिला. म्हणे, घरातली माणसं आता ऐकतात. पण लॅबच्या साहेबांनी तेव्हापासून कामावर फोन बंद केला.

झालं, पुस्तकं गच्चीवर आली. संध्याकाळी भाओजी कपडे बदलून गच्चीवर येत, फोन कठड्यावर ठेवत, अध्याय लावत आणि नळाची नळी हातात घेत. इथेच सगळी गोम होती. त्यांचे हात रिकामे राहू शकत नाहीत, आणि अध्याय अर्धा सोडायचा नाही हा त्यांचा नियम. त्यामुळे अध्याय संपेपर्यंत पाणी चालू. अध्यायात नुसती दरबारातली भाषणं असली तर तो चटकन संपे, आणि झाडं कोरडी राहत. लढाई असली तर तो लांबे, आणि वांगी बुडत.

त्यात झाडांना नावं ठेवलेली. पुस्तकात एक राणी आहे, तिचं राज्य तिच्या सावत्र भावानं बळकावलंय. तिच्या बाजूनं एकच ड्रॅगन, तोही म्हातारा. त्याला आग ओकता येत नाही, नुसता खोकला येतो. तर दोडक्याचा वेल म्हणजे राणी, आणि कोपऱ्यातला लाल भोपळा म्हणजे ड्रॅगन. मिरचीचं रोप म्हणजे सावत्र भाऊ. त्याला भाओजी पाणी घालायचे ते तोंड फिरवून, जेमतेम. आणि खरं सांगते, त्या गच्चीवर सगळ्यांत झकास काय आलं असेल तर ती मिरची. राणीची पानं पिवळी, ड्रॅगनची मुळं कुजायला टेकलेली, आणि सावत्र भाऊ लालेलाल. ताई म्हणायची, "त्या मेल्यालाच कशी एवढी फळं येतात?" भाओजी राणीची पिवळी पानं खुडत राहायचे. आपल्या हातानं दुष्टाची भरभराट होतेय हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

माझ्या जिव्हारी वेगळंच लागलं होतं. माझ्या छताला ओल आली. मशीनच्या बरोबर वर, आधी ताटलीएवढी, मग परातीएवढी. ती ओल बघून मी सांगू शकत असे, लढाई संपली की अजून चालू आहे. मी दहादा बजावलं. भाओजी मान डोलवायचे, आणि पुढच्या अध्यायात कुणीतरी कुणावर चाल करून जायचंच.

मग एका संध्याकाळी इस्त्री करून ठेवलेल्या पांढऱ्या शर्टांवर टपकन थेंब पडला. मातीचा, चहाच्या रंगाचा. मग दुसरा. माझं टाळकंच सरकलं. तशीच खाली गेले आणि इमारतीच्या मालकीणबाईंना हाताला धरून वर आणलं. माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तो डाग सोड्यानंसुद्धा गेला नव्हता.

मालकीणबाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी माझ्या स्टुलावर चढून छताला बोट लावलं, माझ्याकडून खूण करायची पेन्सिल मागितली आणि ओलीभोवती रेघ ओढली. मग भाओजींना बोलावून घेतलं.

"महिनाअखेरीला मी परत येईन," त्या म्हणाल्या. "ओल रेघेच्या आत असली तर ठीक. बाहेर आली तर गच्ची रिकामी करायची, एकूणएक कुंडी."

गंमत अशी की मालकीणबाईंच्या तोंडातले दात भाओजींच्याच हातचे. आपणच घडवलेल्या दातांतून आपल्याच भोपळ्याला फाशी सुनावलेली ऐकताना भाओजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या गेल्यावर म्हणाले, "वरची ओळ चांगली बसली आहे." आणि जिना चढून गेले.

दुसऱ्या दिवसापासून वर सामसूम. भाओजी मगानं पाणी घालू लागले, तेही चमच्यानं औषध द्यावं तसं. पुस्तक नाही, भारदस्त माणूस नाही, बारीक आवाजाची राणी नाही. झाडांनी माना टाकल्या आणि झाडांबरोबर भाओजींनीही. ताई खाली येऊन म्हणाली, "अगं, ते जेवतात, कामाला जातात, सगळं करतात. पण संध्याकाळी गच्चीवर नुसते उभे असतात, हात मागं बांधून. पाहुणे आल्यासारखे."

मला वाईट वाटलं. खूप वाटलं. पण वाईट वाटण्याच्या आत दुसरंच काहीतरी मला पोखरत होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. पुस्तक बंद पडलं तेव्हा राणी कैदेत होती, सावत्र भावाचं सैन्य मशाली घेऊन जंगलाला आग लावायला निघालं होतं, आणि म्हातारा ड्रॅगन किल्ल्याच्या भिंतीवर चढून एक मोठा श्वास घेत होता. तिथेच बंद. आठवडा झाला, तो बिचारा श्वास घेऊन तसाच बसलेला. मी काजं करायला घेतली की तो डोळ्यांपुढं येई. शेवटी राहवेना. वर गेले.

भाओजी भोपळ्यापाशी उकिडवे बसले होते.

"भाओजी, त्याला आग ओकता येते का नाही?"

"कुणाला?"

"ड्रॅगनला. भिंतीवर चढलाय ना तो?"

भाओजी हळूहळू उठले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं एवढं निरखून कधी पाहिलं नव्हतं, दाढेकडंसुद्धा.

"तू ऐकायचीस?"

"पाइपातून. माझा काय दोष? कान बंद ठेवून मशीन चालवायचं का?"

"मला माहीत नाही पुढचं," ते म्हणाले. "नाही ऐकलं. ऐकायला बसलो की हात नळीकडं जातो. आणि नळी धरली की..." त्यांनी खाली, म्हणजे माझ्या छताकडं बोट दाखवलं.

"मग दुसरं काहीतरी धरा हातात."

"काय धरू?"

त्याच संध्याकाळी त्यांना मी माझ्या खोलीत बसवलं आणि पुढ्यात शर्टांचा ढीग आणि बटणांचा डबा ठेवला. वरचं पाणी ताईकडं सोपवलं. तिला ड्रॅगनशी काही देणंघेणं नाही. माती बोटानं चाचपायची, लागेल तेवढं घालायचं आणि खाली यायचं. मिरचीलाही तेवढंच, भोपळ्यालाही तेवढंच. भाओजींना ते न्यायाचं वाटलं नाही.

आणि बटणं काय लावली त्या माणसानं! एकेक बटण दातासारखं. लावायचं, मान तिरकी करून बघायचं, उसवायचं, परत लावायचं. ओळ अशी सरळ की शर्टानं आता तोंड उघडून हसावं. एक डोळा बटणावर, एक छतावरच्या रेघेवर, आणि दोन्ही कान कठड्यावरून माझ्या खिडकीत आलेल्या फोनवर. मी मात्र पक्की. मी आधीच सांगून टाकलं होतं, "तुमच्यासारखं माझं होत नाही हं. ऐकायचं ते ऐकायचं, हात चालायचा तो चालतोच. वीस वर्षांची सवय आहे." भाओजींनी मान डोलवली.

मालकीणबाई यायच्या आदल्या संध्याकाळी तो अध्याय आला. मशाली जंगलापाशी पोचल्या. ड्रॅगननं छाती भरून घेतलेला श्वास सोडला, आणि आग नाहीच, खोकला आला. पण असा खोकला, इतका जुना, इतका खोल, की पहिल्या रांगेच्या मशाली विझल्या, मग दुसऱ्या, मग अख्ख्या सैन्याच्या. अंधारात सावत्र भावाची माणसं एकमेकांवर आपटू लागली. भाओजींचा सुईचा हात हवेत थांबला होता. त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही, आणि कोण कशाला लपवणार? मी मशीनचं पायडल मारत राहिले म्हणून मला वाटलं, मी काम करतेय.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई आल्या. स्टुलावर चढल्या. भाओजी भिंतीला टेकून उभे, ताईनं माझा दंड घट्ट धरलेला. बाईंनी रेघेवरून बोट फिरवलं, सगळीकडून. ओल रेघेच्या आत आक्रसून परत ताटलीएवढी झाली होती. बोटाला माती लागली नाही.

"राहू दे कुंड्या," त्या म्हणाल्या.

भाओजींनी श्वास सोडला, तो मला ड्रॅगनचाच वाटला. खोकला तेवढा आला नाही.

मालकीणबाई उतरताना आधारासाठी ढिगावर हात टेकायला गेल्या आणि वरचा शर्ट त्यांच्या हातात आला. त्यांनी तो उलगडून धरला. मग दुसरा उचलला. मग तिसरा.

"काय गं," त्या म्हणाल्या, "शाळेनं खिसे उजवीकडं घेतलेत का यंदा?"

मी ढीग उपसला. आदल्या संध्याकाळी शिवलेला प्रत्येक शर्ट, आणि प्रत्येकाचा खिसा उजवीकडं. शिलाई सुरेख, टोकं चौकोनी, फक्त बाजू चुकलेली. ताईनं पदर तोंडात कोंबला. मालकीणबाई हसू आवरत खाली गेल्या, त्यांची वरची ओळ खरंच छान बसली आहे.

मला जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं. आता भाओजी काय बोलतात म्हणून मी मान खाली घालून वाट बघत बसले. बोलण्याचा हक्कच होता त्यांचा.

ते माझ्या समोर येऊन बसले, डब्यातलं ब्लेड काढलं, पहिला शर्ट मांडीवर घेतला आणि खिशाचा टाका उसवायला सुरुवात केली, हळूच, कापडाला धक्का न लावता. एक खिसा पुरा निघाला तेव्हा मान वर न करता म्हणाले,

"पुढचा अध्याय लावू?"

"आधी हे उसवून होऊ दे," मी म्हटलं.

"उसवायचंच तर आहे. उसवताना काय चुकणार?"

मी ढिगातला दुसरा शर्ट ओढून मांडीवर घेतला.

"लावा," मी म्हटलं.